जुनी माती

"एक सांगून ठेवते, बाई. माती टाकायची नाही. चिमूटभरसुद्धा."

मोहितेवहिनी हे तिसऱ्यांदा सांगत होत्या. तोवर मी त्यांच्या मागच्या व्हरांड्यात गोणपाट पसरून, पदर खोचून बसले होते. कात्री, पक्कड, तार आणि मुळं मोकळी करायला स्वेटरची एक जुनी सुई, असा माझा संसार समोर मांडला होता. पलीकडे ते झाड होतं.

"अहो वहिनी, कुंडी बदलायची म्हणजे माती बदलायचीच," मी म्हणाले. "चोवीस वर्षांत तिच्यात काही दम उरलाय का? दगड झालाय नुसता."

"नवीन घाला की हवी तेवढी. जुनी टाकू नका, एवढंच."

"का पण?"

"आमच्यात टाकत नाहीत."

'आमच्यात' हा शब्द आला की पुढे वाद घालायचा नसतो, हे मी वीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते. मी सांगलीत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि रविवारी घरी बॉन्सायचे वर्ग घ्यायची. लग्न केलं नव्हतं. आई-वडील होते तोवर त्यांचं केलं, ते गेल्यावर गच्चीवरच्या साठ-सत्तर कुंड्यांचं करत राहिले. बायका मला झाडांची डॉक्टरीण म्हणत, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

झाड वडाचं होतं. हातभर उंच, मनगटाएवढं खोड. कुणी मुद्दाम वाढ खुंटवलेली नव्हती. साध्या मातीच्या कुंडीत वर्षानुवर्षं कोंडून ते आपसूकच खुजं राहिलं होतं. कुंडी बुडाशी तडकली होती आणि मोहितेसाहेबांनी कधीतरी ती तारेनं आवळून बांधली होती. साहेब पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. दर तीन वर्षांनी बदली, दर बदलीला ट्रक, आणि दर ट्रकच्या पुढच्या सीटवर ही कुंडी वहिनींच्या मांडीवर. साहेबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. झाडावर आता चारच पानं राहिली होती.

"जगेल ना?" वहिनींनी विचारलं.

"जगवू की. त्यात काय?"

"जगलंच पाहिजे, बाई. येत्या रविवारी वैजू बडोद्याला जायलीय. त्याच्या आत झाड धरलं पाहिजे."

झाडाचा आणि बडोद्याचा काय संबंध, हे मी विचारलं नाही.

वैजयंती ही त्यांची एकुलती एक मुलगी. चहा घेऊन तीच बाहेर आली. चोवीस वर्षांची, पण दिसायला सोळाची वाटेल अशी बारीक, आणि बोलताना दर वाक्याच्या मध्ये श्वास घेणारी. बडोद्याला एका औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती.

"दमा आहे का गं?" मी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, काही नाही." ती हसली. "घरात थोडासा असतो. घर सोडलं की फार. पुण्याला वसतिगृहात गेले, आठव्या दिवशी परत. बेळगावला मामाकडे, आठव्या दिवशी परत. मुंबईला बँकेत लागले होते, तिथनं तर उचलूनच आणलं. या वेळी मात्र राहायचंय मला, बाई. कायपण होऊ दे. नाहीतर या घरातच म्हातारी होईन मी."

वहिनी झाडाकडे बघत होत्या. मुलीकडे त्यांनी बघितलंच नाही.

कुंडी शेवटी फोडावी लागली. आतून मुळांचा जो गड्डा निघाला त्याला कुंडीचाच आकार आला होता, वरच्या काठाच्या खाचेसकट. मी खालून सुई घालून मुळं विंचरायला लागले. मग पहिलं जाड मूळ कात्रीत धरलं आणि कापलं. वडाचा पांढरा चीक टपटप गोणपाटावर पडला.

आत भांडं पडल्याचा आवाज आला. वैजू दारात येऊन उभी राहिली, एक पाय दुसऱ्या पायावर घासत.

"आई, पायाला मुंग्या आल्यात."

"बस पाय लांब करून," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

मी दुसरं मूळ कापलं. वैजूनं पाय झटकन उचलला. तिसरं कापलं, तेव्हा ती खालीच बसली आणि तळवा दाबत म्हणाली, "कुणीतरी सुई घालतंय असं वाटतंय."

मला कामात माणसांची लुडबुड चालत नाही. "आत जाऊन पड जरा," मी म्हणाले आणि सुई आणखी खोल घातली. सुई कशाला तरी अडली. माती बाजूला केली तर सुपारीएवढी चांदीची डबी निघाली, काळी पडलेली. बिजागरीच्या फटीतून एक दोऱ्यासारखं मूळ तिच्यात शिरलं होतं. मुळांच्या गुंत्यातून डबी सुटेना, म्हणून मी ते मूळ कापलं.

वैजू आतल्या खोलीत धाडकन कोसळली. वहिनी धावल्या. पाणी, कांदा, हाका, सगळं ऐकू येत होतं. माझे हात कोपरापर्यंत चिखलात आणि मुळं उघडी पडलेली. उघडी मुळं पाच मिनिटांत सुकतात, म्हणून मी उठले नाही. ट्रेला जाळी लावली, विटांचा चुरा आणि पोयटा घातला, झाड बसवलं, तारेनं बांधलं, पाणी दिलं. काम नीट झालं. जुनी माती मी त्यात घातली नाही. झाडाचं भलं मला जास्त कळतं असा माझा ताठा होता. ती सगळी माती मी माझ्या पिशवीत भरली आणि वर अवजारं ठेवली. डबी ढिगावरच ठेवली होती, गडबडीत तीही मातीबरोबर आत गेली. वहिनींना हात धुऊन देऊ असं डोक्यात होतं, ते विसरलेच.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. "माती?"

"सगळी आत आहे," मी म्हणाले.

वैजू मला सोडायला फाटकापर्यंत आली. गालांवर रंग चढला होता. "बाई, कसं मोकळं वाटतंय," ती म्हणाली, आणि या वाक्यात तिनं मध्ये श्वास घेतला नाही. फाटकापासून ती कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. कोपऱ्यापासून पुढच्या चौकापर्यंत आली. मागून वहिनींनी हाक मारली तेव्हा ती दचकून थांबली आणि आपण इथे कशा आलो, असं बघायला लागली.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी गच्चीवर पाणी घालायला गेले, तर वैजू तिथे बसलेली. पायात चप्पल नव्हती. जुनी माती मी वर्तमानपत्रावर उन्हात पसरली होती, वाळली की चाळून घ्यायला. त्या मातीशेजारी ती गुडघे जवळ घेऊन बसली होती.

"अगं, माझं घर कसं सापडलं तुला?"

"माहीत नव्हतंच," ती म्हणाली. "चालत आले."

तिचं घर माझ्या घरापासून तीन किलोमीटर.

खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. बरं वाटलं. सकाळचा चहा मी अकरा वर्षं एकटीनं पीत होते. त्या दिवशी दोन कप ठेवले. वैजूनं गच्ची झाडली, माझ्याबरोबर भाकरी खाल्ली, झोपाळ्यावर दोन तास गाढ झोपली. संध्याकाळी वहिनी रिक्षा घेऊन आल्या आणि तिला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशी ती मला बाईऐवजी मावशी म्हणायला लागली. त्या हाकेनं माझ्या घरातला आवाजच बदलला.

शुक्रवारी मी माती चाळायला घेतली आणि चाळणीत डबी आली. पातं घालून झाकण उघडलं. आत ते कापलेलं मूळ शेवयांच्या जाळीसारखं गुंडाळून बसलं होतं. तीन दिवसांत ते सुकून जायला हवं होतं, पण ओलं होतं, आणि टोकाला पांढरा नवा कोंब होता. त्या जाळीच्या मधोमध लवंगेएवढं काळं काहीतरी, त्याला हळदीच्या दोऱ्याची गाठ.

मला ओळखायला वेळ लागला नाही. माझ्या आईनं आम्हा तिन्ही भावंडांच्या नाळा परसात पेरूखाली पुरल्या होत्या, दोऱ्याची अशीच गाठ मारून.

मी विज्ञानाची बाई. प्रयोग करून बघितल्याशिवाय काही मानायचं नाही, असं मुलींना जन्मभर शिकवलं. वैजू समोर बसून मला काहीतरी सांगत होती, बडोद्याच्या खोलीचं भाडं की काय. मी डबी पदराआड मुठीत धरली, "आलेच" म्हणाले आणि जिना उतरून मागच्या अडगळीच्या खोलीत एका डब्यात ठेवली. दार लावलं. परत जिन्यापाशी आले तर वैजू उतरत होती. माझ्या बाजूनं, मला न बघता गेली. अडगळीच्या दाराशी जमिनीवर बसली, पाठ दाराला टेकली आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथून पुढे बोलायला लागली.

मी तिला काही बोलले नाही. कुणालाच काही बोलले नाही.

शनिवारी दुपारी मोहितेवहिनी एकट्याच आल्या. वैजू वर झोपली होती. पाणी दिलं तर त्यांनी पेला नुसता हातात धरला.

"बाई, तुम्हाला एक सांगायचंय. हसू नका."

"नाही हसत."

"वैजूची नाळ आहे त्या झाडाखाली. आमची कुठं जमीन होती ओ? सरकारी क्वार्टरमधे जन्मली पोर. सासूबाई म्हणायच्या, आपल्या जमिनीत पुर, पोरगी घराला धरून राहते. ह्यांची तिसऱ्या महिन्याला बदली यायची होती. तिथं पुरून कुणासाठी ठेवायची? मग कुंडीत पुरली. म्हटलं, ही आपल्याबरोबर येईल." त्या थांबल्या. "पोरगी धरून राहिली, बाई. इतकी धरून राहिली की कुंडी आवळली की हिचा श्वास आवळतो. मला पहिल्यापासनं कळत होतं. पुण्याहून आली तेव्हाच कळलं होतं."

"मग तेव्हाच काही का केलं नाहीत?"

"जवळ राहत होती ना."

त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं.

"आता ती निघून जायलीय, तुमच्याकडं यायलीय. माझं डोकं चालत नाही. पण एक ठरवलंय." त्यांनी पेला खाली ठेवला. "ट्रे तिच्याबरोबर देते. बडोद्याला घेऊन जाऊ दे. झाड तिथं, तर ती पण तिथं. राहील सुखानं, श्वास घेईल. मी राहीन एकटी. मी काय, आज आहे उद्या नाही." डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही. "तेवढं फक्त सांगा. माती सगळी परत घातली होती ना?"

डबी अडगळीच्या खोलीत होती. दहा पावलांवर. उठून आणायला अर्धं मिनिट लागलं असतं. वर झोपाळ्याची कडी कुरकुरत होती.

"हो," मी म्हणाले. "सगळी."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून मी डबी पर्समध्ये टाकली. ठरवून टाकली, हे मला आजही सांगायचं आहे. स्टँडवर ट्रेच्या मातीत बोटानं एक खळगा करायचा, डबीतलं सगळं त्यात ठेवायचं, वरून माती दाबायची. कुणी विचारलंच तर झाड घट्ट करते आहे म्हणायचं. दोन क्षणांचं काम.

पुण्याची एसटी अकराची होती, पुढे तिला रेल्वे मिळणार होती. वैजू खिडकीपाशी बसली, ट्रे मांडीवर, जशी तिच्या आईनं वर्षानुवर्षं कुंडी धरली तसा. झाडाला एक नवा लाल कोंब आला होता. वहिनी डबा, पाण्याची बाटली, सुपारी, काय काय देत होत्या आणि एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, "पत्र टाक गं." मी खिडकीतून हात आत घातला. बोट मातीत घातलं. खळगा केला. दुसरा हात पर्समध्ये होता, डबीवर.

वैजूनं माझं मनगट धरलं. "मावशी, तुमच्याकडं फार बरं वाटायचं," ती म्हणाली. "माझंच घर वाटायचं."

मी खळगा बुजवला आणि हात बाहेर काढला. डबी पर्समध्येच राहिली.

गाडी गेली. वहिनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. "मी सोडली तिला, बाई," त्या म्हणाल्या. "सोडली एकदाची." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते.

पहिले चार दिवस मी स्वतःला सांगत होते की हा सगळा मनाचा खेळ आहे. पोरीला सवय लागली होती, मोडेल. पाचव्या दिवशी मी डबीतलं मूळ एका लहान कुंडीत लावलं, त्या जुन्या मातीत. मधलं ते काळं, गाठीसकट, मुळाखाली ठेवलं. सहाव्या दिवशी पलंगावरची चादर बदलली आणि दोन उशा ठेवल्या. सातव्या दिवशी तांदूळ जास्त आणले. माझं मन काय म्हणत होतं ते सोडा, माझे हात तयारीला लागले होते.

आठव्या दिवशी, सोमवारी सकाळी, माझं फाटक वाजलं.

वैजू रिक्षातून उतरत होती. ओठ निळे पडले होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, रिक्षावाला घाबरून गेला होता. तिनं एक पाऊल फाटकाच्या आत टाकलं. दुसरं टाकलं. आणि तिनं इतका लांब, मोकळा श्वास घेतला की मला तो ओसरीवर ऐकू आला.

"ट्रे तिथंच राहिला, मावशी," ती म्हणाली. "झाड छान होतं. मलाच जमलं नाही."

संध्याकाळी वहिनी आल्या. वैजू गच्चीवर होती, त्या लहान कुंडीशेजारी, गुडघे जवळ घेऊन. वहिनींनी तिला बघितलं. मग कुंडी बघितली. कुंडीत दोन पानं आली होती, वडाची. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता कुंडी उचलतील. त्यांचा हक्कच होता. मी अडवलं नसतं, असं मला म्हणायला आवडेल.

पण त्यांनी कुंडीला हात लावला नाही. जिना उतरताना कठड्याला धरून थांबल्या आणि मला एकटीला ऐकू जाईल इतकंच बोलल्या.

"मी सोडली होती तिला, बाई."

त्या पुन्हा माझ्या घरी आल्या नाहीत. सात वर्षांनी गेल्या. वैजू दिवस करायला गेली तीसुद्धा रोज रात्री माझ्याकडे झोपायला येऊन.

आता मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. वैजू पन्नाशी पार करून गेली. तिनं लग्न केलं नाही, नोकरी केली नाही, माझे वर्ग तीच चालवते. लोक म्हणतात, पोटची पोरगी करणार नाही इतकं करते, नशीबवान आहात. तिनं मला कधी काही विचारलं नाही. दर तीन वर्षांनी मी त्या कुंडीतल्या वडाची मुळं कापते, तेव्हा ती न सांगता आत जाते आणि पाय वर घेऊन बसते. मी होईल तितकं हळू कापते.

यंदा तो दिवस आला तेव्हा माझे हात थरथरायला लागले. कात्री धरवेना. मिरजेची अर्पिता म्हणून एक हुशार मुलगी आमच्या वर्गाला येते, तिला बोलावलं. तिनं व्हरांड्यात गोणपाट पसरलं, अवजारं मांडली, आणि झाड कुंडीतून अलगद उचललं. हात चांगला आहे तिचा.

आतल्या खोलीत वैजूनं पाय वर घेतल्याचं मला कळलं. पलंग कुरकुरला.

मला काय करायला हवं ते मला पक्कं ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं ठाऊक आहे. अर्पिताच्या हातून ते सगळं एका पुरचुंडीत बांधून घ्यायचं, वैजूच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, जा. तोंड उघडलंही मी.

"मावशी, ही जुनी माती पार गेलीय," अर्पिता म्हणाली. "टाकू ना?"

"नको," मी म्हणाले. "टाकायची नाही. चिमूटभरसुद्धा."

"का हो?"

आत वैजू श्वास रोखून होती. तीही ऐकत असावी.

"आमच्यात टाकत नाहीत," मी म्हणाले.